खापरपणजोबा जोडे शिवायचे म्हणे, पण कागदावर सापडत नाहीत (क्वेबेक ते मॅसॅच्युसेट्स)

मेरिमॅककाठची
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होते, हा पहिलाच धागा, सांभाळून घ्या.

मी मूळची साताऱ्याची, गेली सोळा वर्षं मॅसॅच्युसेट्सात. नवरा इथलाच, आडनाव ग्रीनवुड. ऐकायला अगदी गोऱ्या साहेबाचं वाटतं पण त्याची आजी जपमाळ ओढायची ती फ्रेंचमध्ये, आणि घरात अजूनही आजोबाला 'पेपेर' आणि आजीला 'मेमेर' म्हणतात. म्हणजे मंडळी क्वेबेककडची, कॅनडातल्या फ्रेंच बोलणाऱ्या प्रांतातली.

मागच्या महिन्यात सासूबाईंचा माळा आवरताना बिस्किटाचा पत्र्याचा डबा निघाला. त्यात लाकडी मुठीची आरी, पायाच्या आकाराचा एक लाकडी फर्मा (एकच, जोडी नाही) आणि एक फोटो, ज्याच्या मागे काहीही लिहिलेलं नाही. सासूबाई म्हणाल्या हे नवऱ्याच्या खापरपणजोबांचं, ते मॉन्ट्रियलला जोडे बनवायचे, मग इथे मॅसॅच्युसेट्सातल्या हॅव्हरहिलला आले आणि स्वतःचं दुकान काढलं. झालं, माझ्या डोक्यात किडा शिरला.

आतापर्यंत मिळालेलं: १९०० चा अमेरिकन सेन्सस. हॅव्हरहिल, जन्म 'कॅनडा फ्रेंच', अमेरिकेत आले १८८७ ला, काम 'शू शॉप'. बायकोपुढे लिहिलंय की मुलं झाली ११, हयात ६. त्या ओळीवर मी बराच वेळ थांबले होते. त्याच्या आधीचा १८९० चा सेन्सस वॉशिंग्टनच्या १९२१ च्या आगीत गेला म्हणे, जवळजवळ सगळाच. आणि मॉन्ट्रियलच्या १८८१ च्या सेन्ससमध्ये ग्रीनवुड नावाचा एकही फ्रेंच मोची नाही. डीएनए टेस्टही केली (कंपनीचं नाव नको), तर त्यांनी १९०० चुलत भाऊबहिणी काढून हातात दिल्या. आता त्यांचं काय लोणचं घालू? कोणी हे केलंय का आधी?

चिंटूचा_बाप
१९०० चुलत भावंडं! तुमच्याकडे लग्नात पंगती किती उठवाव्या लागत असतील. वाचतोय. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

बर्फातला_बाबूराव
ताई, मी मॉन्ट्रियलला २२ वर्षं आहे आणि बायकोच्या ऑफिसातल्या निम्म्या लोकांना हाच छंद आहे, त्यामुळे ऐकून ऐकून पाठ झालंय. तीन गोष्टी सांगतो.

पहिली, ग्रीनवुड विसरा. ते भाषांतर आहे. मूळ आडनाव बहुतेक 'ब्वाव्हेर', ब्वा म्हणजे लाकूड किंवा रान, व्हेर म्हणजे हिरवं. न्यू इंग्लंडमध्ये आलेल्यांनी असंच केलं, रुआ चा किंग झाला, लब्लां चा व्हाइट, लेव्हेक चा बिशप, आणि माझं सगळ्यात आवडतं म्हणजे कुर्तमांश चा शॉर्टस्लीव्ह. खरंच. आखूडबाह्ये म्हणा ना.

दुसरी, 'मॉन्ट्रियलचे' यावर विश्वास ठेवू नका. आपण नाही का परदेशात पुण्या-मुंबईचेच असतो सगळे, मग भले गाव वाई असो. तुमच्याच सासूबाईंना विचारा मॉन्ट्रियल हे नाव नक्की कोणाच्या तोंडून आलं.

तिसरी, डीएनएवाल्यांचं सोडून द्या. सुरुवातीला आलेली काही हजार माणसं आणि त्यांचीच पुढे वाढलेली लोकसंख्या, त्यामुळे सगळे सगळ्यांचे चुलत असतात. इथल्या चर्चच्या नोंदवह्या बघा, जगात तोड नाही. १६२१ पासूनच्या आहेत. पाद्री दोन प्रती ठेवायचे, एक चर्चमध्ये आणि दुसरी कोर्टात, त्यामुळे चर्च जळलं तरी दुसरी प्रत शिल्लक. १९९३ संपेपर्यंत जन्माची सरकारी नोंद म्हणजे हीच चर्चची वही होती!

गोदाकाठ
फारच रोचक. आमच्या नाशिकला पंड्यांच्या वह्या आहेत तसंच की हे. मी माझ्या पणजोबांची सही त्र्यंबकला बघितली आहे, मोडीत, अंगावर काटा आला होता. पण आमच्या वहीत बायकांची फक्त नुसती नावं, माहेर कुठलं त्याचा पत्ता नाही.

बर्फातला_बाबूराव
@गोदाकाठ तिथेच तर फरक आहे. क्वेबेकच्या वहीत बाई मरेपर्यंत माहेरच्या आडनावाने. बाप्तिस्मा, लग्न, दफन, सगळीकडे. आणि लग्नाच्या नोंदीत दोघांच्याही आईवडलांची नावं, म्हणजे एक लग्न सापडलं की एक पिढी वर. शिडीच आहे. पण शिडीचा पहिला दांडा अमेरिकेत आहे, तो ताईंनी शोधायचा. बायकोचं माहेरचं नाव मिळवा.

अतिशहाणी_आत्या
मॅसॅच्युसेट्सात जन्म-मृत्यूच्या सरकारी नोंदी १८४१ पासून आहेत, त्यात आईचं माहेरचं आडनाव आणि बापाचा धंदा दोन्ही असतं. तुमच्या नवऱ्याचे पणजोबा हॅव्हरहिललाच जन्मले असतील तर ती नोंद काढा. शोधताना आडनाव रिकामं सोडा. फक्त नाव, साल, गाव. मी माझ्या आयरिश जावेसाठी असंच शोधून दिलंय, त्यांच्यात तर आडनावाची आठ स्पेलिंगं.

मेरिमॅककाठची
आत्या, तुमच्या पायाचं तीर्थ घेते!!

आडनाव रिकामं सोडलं आणि १८८९ ची नोंद मिळाली. तारीख जुळते, रस्ता जुळतो. आडनाव लिहिलंय 'बोइसव्हर', म्हणजे ब्वाव्हेरच की हो बाबूराव. बापाचा धंदा 'लास्टर', आईचं माहेरचं आडनाव 'गोन्यो'. मग सिटी डिरेक्टरी काढल्या (शहरातल्या लोकांची नावं-पत्ते असलेली जाडजूड पुस्तकं, लायब्ररीने स्कॅन करून ठेवलीत). १८९१ ला ब्वाव्हेर, १८९४ ला ग्रीनवुड, घर नंबर तोच, काम तेच. म्हणजे या तीन वर्षांत कधीतरी एका माणसाने सकाळी उठून आडनाव बदललं आणि जेवायला त्याच घरी आला.

पण 'गोन्यो' असं आडनाव क्वेबेकमध्ये कुठेच नाहीये. आणि लास्टर म्हणजे काय?

बर्फातला_बाबूराव
मोठ्याने वाचा. अमेरिकन क्लार्क समोर बसलाय, त्याला फ्रेंच येत नाही, बाई म्हणते 'गान्यों', तो लिहितो गोन्यो. हे गान्यों आहे, क्वेबेकमध्ये दगड मारला तर एका गान्योंला लागतो. ब्वाव्हेर आणि गान्यों या जोडीचं लग्न शोधा, साधारण १८८० ते ८७. ड्रूआं इन्स्टिट्यूटवाल्यांनी १९४० च्या दशकात सगळ्या वह्यांच्या मायक्रोफिल्म काढल्या होत्या, त्या आता ऑनलाइन आहेत, पैसे भरून. फॅमिलीसर्च नावाच्या वंशावळीच्या साइटवर बरंचसं फुकट आहे पण पानं उलटायची तयारी हवी. आणि एक, मुलाच्या बाप्तिस्म्याला पहिलं नाव जोझेफ आणि मुलीला मारी हे जवळपास ठरलेलं, त्याने बावरू नका, हाक मारायचं नाव शेवटचं असतं. सहा भाऊ सहाही जोझेफ.

कापशीवाला
लास्टर मी सांगतो. फर्म्याला ते लोक लास्ट म्हणतात. वरचं कातडं फर्म्यावर ओढून, पकडीने ताणून, तळाला टाचायचं, सुरकुती न पडता, ते काम करणारा लास्टर. टाचेला सोपं, पण पुढे अंगठ्यापाशी कातडं जमा होतं तिथे कसब लागतं. मशीनला सगळ्यात शेवटी जमलेलं काम ते. तळ शिवायचं मशीन १८५८ लाच निघालं होतं, पण लास्टिंगचं मशीन बनवलं यान मात्झेलिगर नावाच्या सुरिनामहून आलेल्या कृष्णवर्णीय माणसाने, लिन गावात, पेटंट १८८३. हाताने चांगला कारागीर दिवसाला ५० जोडांच्या आसपास करायचा, मशीनवर त्याच्या कितीतरी पट. तेव्हा तुमचे खापरपणजोबा १८८७ ला आले ते बरोब्बर या भानगडीत.

आता मला सांगा. लास्टरला लागते पकड आणि हातोडी. त्याच्या डब्यात आरी कशी? फोटो टाका, आरी सरळ आहे की वाकडी, आणि फर्म्याचाही टाका, वरून आणि बाजूने.

टंकाळा
हा धागा कसला भारी चाललाय. हॅव्हरहिलला 'क्वीन स्लिपर सिटी' म्हणायचे, बायकांचे नाजूक जोडे तिथले प्रसिद्ध. १८८२ च्या फेब्रुवारीत तिथला जोड्यांच्या कारखान्यांचा सगळा भाग जळाला आणि परत बांधला. म्हणजे हे आले तेव्हा कारखाने नवे कोरे असणार. १८४० ते १९३० मध्ये साधारण ९ लाख फ्रेंच कॅनेडियन अमेरिकेत आले, बहुतेक कापड गिरण्यांत, लोवेल, मँचेस्टर, लुइस्टन वगैरे. जोड्यांच्या गावात येणारे म्हणजे हातात आधीच धंदा असलेले असावेत असं वाटतं.

मेरिमॅककाठची
फोटो टाकलेत. आरीचं टोक वाकडं आहे, कोयरीसारखं. मूठ एका बाजूने इतकी गुळगुळीत झालीये की माझा अंगठा आपोआप तिथे जाऊन बसतो, आणि तो नेमका बसतो, म्हणजे माणूस लहानखुऱ्या हाताचा असावा. फर्म्यावर अंगठ्याच्या हाडापाशी कातड्याचे दोन तुकडे एकावर एक ठोकलेत, बारीक खिळ्यांनी. मला वाटलं दुरुस्ती केलीये.

कापशीवाला
दुरुस्ती नाही हो!! ते गिऱ्हाईकाचं पाऊल आहे. कोणाच्या तरी अंगठ्याचं हाड बाहेर आलं होतं, मग त्या माणसापुरता फर्मा तिथे फुगवला. कारखान्यात असलं कोणी करत नाही, तिथे मापं ठरलेली. आणि वाकडी आरी म्हणजे हाताने तळ शिवायची, कडेतून आत घालून कडेतूनच बाहेर काढायची. लाकडी खुंट्या ठोकायची आरी सरळ असते. म्हणजे हा डबा अख्खा जोडा एकट्याने करणाऱ्या माणसाचा आहे. तुमचे लास्टर नव्हेत. त्यांच्या आधीचं कोणीतरी.

अतिशहाणी_आत्या
कापशीवाले, तुम्ही गुप्तहेर खात्यात का नाही गेलात?

कापशीवाला
घरचाच धंदा आहे ताई. आजोबा कापशी वहाणा करायचे, बाभळीची साल आणि हिरडा घालून कमावलेलं कातडं, सगळं हाताने. ताईंच्या क्वेबेककडे हेमलॉकच्या झाडाची साल वापरायचे कमवायला, एवढाच फरक. पण एक सांगू का, तुमच्या सासूबाईंनी तो डबा इतकी वर्षं जपला, बिस्किटाच्या डब्यात का होईना. आमच्याकडे आजोबांच्या आऱ्या आणि रापी आत्याचं लग्न जमत होतं तेव्हा माळ्यावरून काढून विहिरीत टाकल्या. पाहुणे येणार होते. कोणीच काही बोललं नाही तेव्हा.

चिंटूचा_बाप
विषयांतर होतंय का जरा? धागा फ्रेंच लोकांचा आहे.

मेरिमॅककाठची
अजिबात विषयांतर नाही, कापशीवाले तुम्ही लिहा. उलट मला हेच बोलायचं होतं. मी साताऱ्याला आईला फोनवर सांगितलं की यांचे पूर्वज जोडे शिवायचे, तर पलीकडून थोडा वेळ आवाजच नाही, मग म्हणाली 'असू दे, पण मामांना नको सांगूस.' आणि इथे सासूबाई आरी काचेच्या फ्रेममध्ये घालून हॉलमध्ये लावायला निघाल्यात. त्यांच्यात मोच्याचा मुलगा मोचीच होईल असं काही नव्हतं, बाप शेतकरी, मुलगा मोची, नातू आणखी काहीतरी, त्यामुळे त्यांना त्यात लपवण्यासारखं काही दिसतच नाही. मामांना मी सांगितलंय, फोटोसकट.

गोदाकाठ
+१. मामा काय म्हणाले?

मेरिमॅककाठची
'छान' म्हणाले. एकच शब्द.

बरं, मोठी बातमी! लग्न सापडलं. १८८३, पण मॉन्ट्रियल नव्हेच, क्वेबेक शहर, सें-रॉक नावाची वस्ती. पान वाचायला मला दोन संध्याकाळी लागल्या कारण तारीख आकड्यात नाहीच, अक्षरात: 'एक हजार आठशे त्र्याऐंशी' अशी लांबलचक, पाद्र्याचं अक्षर मुंगीच्या पायासारखं. नवरा मुलगा 'कॉर्दोनिए', म्हणजे जोडे करणारा, अमक्याचा मुलगा, आणि तो अमकाही कॉर्दोनिए! पाठोपाठ १८८१ चा कॅनडाचा सेन्सस बघितला तर एकाच घरात बापलेक, दोघांपुढे तोच शब्द. कापशीवाले तुमची आरी बहुतेक या बापाची.

पण एक कोडं आहे. या बापाची आठ मुलं, सात जणांचे बाप्तिस्मे सें-रॉकला. एकाच मुलीचा, फेब्रुवारी १८६७, सेंत-क्र्वा नावाच्या खेड्यात. सेंट लॉरेन्स नदीच्या दक्षिण काठावर, बरंच वरच्या अंगाला. ऐन थंडीत बाळंतीण तिकडे कशाला गेली?

बर्फातला_बाबूराव
१४ ऑक्टोबर १८६६! सें-रॉक आणि शेजारचं सें-सोव्हर, दोन्हीकडे प्रचंड आग लागली होती, सगळी लाकडी घरं, हजारो लोक ऐन हिवाळ्याच्या तोंडावर उघड्यावर. घर गेलं असणार आणि ते गावी गेले. कोणाच्या गावी? बायकोच्या नाहीतर नवऱ्याच्या. सेंत-क्र्वाच्या वह्यांत ब्वाव्हेर शोधा. तिकडे भरपूर आहेत, पण जपून, जुन्या नोंदींत ते 'दनव्हेर दी ब्वाव्हेर' असे येतील. 'दी' म्हणजे 'उर्फ'. मागे गेलात की उर्फच्या आधीचंच आडनाव उरतं.

टंकाळा
म्हणजे ग्रीनवुडचा ब्वाव्हेर, ब्वाव्हेरचा दनव्हेर. कांदा सोलल्यासारखं.

अतिशहाणी_आत्या
नोटरीचे कागद बघा. क्वेबेकमध्ये सगळं नोटरीकडे व्हायचं, लग्नाचा करार, मेल्यावर घरातल्या वस्तूंची यादी, आणि पोराला धंदा शिकायला ठेवायचं असेल तर त्याचाही करार. तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या साइटवर स्कॅन फुकट आहेत. नोटरीच्या नावाने लावलेत, त्यामुळे जरा डोकं जातं.

मेरिमॅककाठची
(दीड महिन्याने धागा वर काढतेय, सॉरी, मुलीच्या परीक्षा आणि घरात सगळ्यांना फ्लू.)

मिळालं. आमच्या लास्टरच्या बापाचा सेंत-क्र्वाचा १८३२ चा जन्म, त्याचा बाप शेतकरी. आणि बाबूरावांच्या ओळखीतल्या एका बाईंनी मदत केली म्हणून १८४६ चा नोटरीचा करार सापडला. चौदा वर्षांचा मुलगा क्वेबेक शहरातल्या एका जोडेवाल्याकडे, एकवीस पूर्ण होईपर्यंत. मालकाने त्याला खायला घालायचं, ठेवून घ्यायचं, कपडे धुवून द्यायचे आणि धंदा 'काहीही न लपवता' शिकवायचा. मुलाने पळून जायचं नाही. शेवटी एक नवा कपड्यांचा जोड द्यायचा. बापाला सही येत नव्हती, त्याने फुली मारलीये, फुलीचा एक हात लांब आणि एक आखूड. मुलाची सही आहे. अडखळत केलेली, शेवटच्या अक्षरापाशी शाईचा डाग.

तर असं झालं. बाप अख्खा जोडा करायचा, फर्मा फुगवण्यापासून तळ शिवण्यापर्यंत. मुलगा त्याच घरात शिकला, तेवढ्यात सें-रॉकमध्येच कारखाने आले, आणि मग हॅव्हरहिलला येऊन आयुष्यभर जोड्याचं एकच काम, कातडं ताणायचं. १९१० ला लास्टर. १९२० च्या सेन्ससमध्ये 'रात्रीचा वॉचमन, शू फॅक्टरी'. कागदावर दोघांचाही धंदा एकच दिसतो. आणि 'स्वतःचं दुकान' कुठेच नाही, एकाही डिरेक्टरीत नाही. सेन्ससमधल्या 'शू शॉप'चं घरच्यांनी पुढे दुकान केलं असावं, शॉप म्हणजे तेव्हा कारखानाच. सासूबाईंना सांगितलं तर जरा हिरमुसल्या.

बर्फातला_बाबूराव
जे मागे राहिले त्यांचंही काही सोपं नव्हतं. १९०० च्या ऑक्टोबरमध्ये क्वेबेक शहरातल्या २१ कारखानदारांनी मिळून टाळेबंदी केली होती, सुमारे ४००० कामगार रस्त्यावर, कारण काय तर युनियन. शेवटी आर्चबिशप बेजाँ मध्ये पडले. त्यांच्या नातलगांत कोणी होतं का बघा.

मेरिमॅककाठची
बघते. एक धाकटा भाऊ तिकडेच राहिला होता.

कापशीवाला
ताई, सगळं झालं पण एक राहिलं. तो फर्मा डाव्या पायाचा आहे. उजवा कुठेय?

मेरिमॅककाठची
विचारलं सासूबाईंना. म्हणाल्या, 'अगं तो होय, तो नवऱ्याच्या काकांकडे न्यू हॅम्पशायरला आहे, गॅरेजच्या दाराखाली, दार वाऱ्याने आपटू नये म्हणून.' रविवारी चाललोय आणायला. काकांना दाराला लावायला दुसरं काहीतरी घेऊन जावं लागेल.

चिंटूचा_बाप
वरवंटा न्या.